तुम्ही मला धाडलं नव्हतं, मोठेबाबा

मोठेबाबा,

काल तुमची तेरवी झाली. मांडवात येईल तो माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवत होता आणि एकच गोष्ट बोलत होता. "देवरावभाऊनं हिंमत केली. पोरीले जर्मनीले धाडलं." मंडीतले तुमचे जोडीदार बोलले, सावरगावचे पाहुणे बोलले, ज्यांची मला ओळखही नाही असे लोक डोळे पुसत बोलले. मी खाली मान घालून ऐकत होते. तेरवीच्या मांडवात कोणी वाद घालत नाही. पण मला सारखं वाटत होतं की उठावं आणि सांगावं, अहो, यांनी मला धाडलं नव्हतं. यांनी मला 'नको जाऊ' म्हटलं होतं. एकदा नाही, रोज म्हटलं होतं. विमानतळाच्या दारापर्यंत म्हटलं होतं.

पंगती उठल्यावर मी मोठ्या आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मोठी आई, हे लोक काहून असं बोलून राहिले? मोठेबाबा तं शेवटपर्यंत नकोच म्हणत होते."

रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी ती हसली. "लोकाईचं काय चुकलं वो? तेच सांगत होते ना मंडीत. मीच धाडलं म्हणे माह्या पोरीले. मी एक डाव टोकलं, तं मलेच म्हणे, तू चूप राय."

आता काय म्हणावं तुम्हाला? सौद्यात एका शब्दाचा फेरफार चालत नसे तुम्हाला. आणि माझ्या बाबतीत साऱ्या पांढुर्ण्यात उलटीच गोष्ट पसरवून बसलात, मला पत्ता लागू न देता. जाब विचारायला गेले असते तर तुम्ही पान चघळत दुसरीकडे बघितलं असतं. आता तेही नाही. म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी एकदा तुमच्यासमोरच सांगून टाकते.

दहावीनंतर मी सायन्स घ्यायचं म्हणाले, तेव्हा बाबा मला सौंसरजवळच्या आपल्या शेतावरून एका पेटीसकट तुमच्याकडे सोडून गेले होते. तुमच्या सुषमाताईचं लग्न होऊन ती मुलताईला गेली होती, तिची खोली रिकामी होती. धाकट्या भावाची पोर म्हणून तुम्ही मला ठेवून घेतलंत. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं, "हे सायन्स मतलब काय असते?" मी उत्साहानं सांगायला लागले. तुम्ही मध्येच थांबवलंत. "ते समजलं. पण त्याचं करतात काय?" पुढे मी पांढुर्ण्याला बी.एस्सी. केलं, नागपूरला वसतिगृहात राहून एम.एस्सी. केलं, पण तुमचा प्रश्न तोच राहिला.

आपल्या घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कोणी पाहिलं नव्हतं. आई चौथी, बाबा आठवी, तुम्ही नववीत शाळा सोडून संत्र्याच्या ट्रकवर बसलेले, सुषमाताई बारावी होऊन लग्नाला उभी. कोणता विषय घ्यावा, कुठे अर्ज करावा, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. माझ्या मैत्रिणींचे वडील मास्तर होते, बाबू होते, त्यांना सगळं ठाऊक असायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. पण 'तू हे कायले करून राहिली' हे विचारणारा माणूस त्यांच्या घरात नव्हता. तो माझ्या घरात होता. त्यावेळी तो हेवा करण्यासारखा वाटत नसे, एवढंच.

तुमचा धंदाच तसा होता. फळं झाडावर असतानाच शेतकऱ्याचा बगीचा घ्यायचा, तोड करून माल मंडीत आणायचा, ट्रक भरून दिल्ली-कोलकात्याकडे लावायचा. सगळं आयुष्य तुमचं 'हो' आणि 'नाही'च्या मधल्या जागेत गेलं. भाव सांगितल्याबरोबर समोरच्यानं मान डोलावली की तुम्ही बेचैन व्हायचात. घरी येऊन मोठ्या आईला म्हणायचात, "येवढ्या लवकर हो म्हणते मतलब काहीतरी गडबड हाय." घरातही तसंच. कोणी काही ठरवलं की तुमचं पहिलं उत्तर 'नको'. मोठी आई म्हणायची, सावरगाव-पांढुर्ण्याची दगडफेकीची गोटमार वर्षातून एकदा असते, आपल्या घरात रोज सकाळी असते.

मग पटवारी परीक्षेचा निकाल लागला आणि त्यात माझं नाव आलं. नागपूरहून येताना मी तुम्हाला फोनवर सांगितलं, आणि घरी पोचेपर्यंत तुम्ही गल्लीत पेढे वाटून मोकळे झाला होतात. मी आयुष्यात तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतात. आपले आजोबा जमिनीच्या एका नोंदीसाठी पटवाऱ्याच्या दारात चपला हातात घेऊन उभे राहायचे, उन्हात, तो झोपेतून उठेपर्यंत. "अन् आता त्याच्याच नातीच्या दारात लोक येतीन," तुम्ही म्हणालात, "पण तू कोणाले उभं नको ठेवजो वो." तुमचे डोळे भरले होते. मी पेढा खाल्ला, पण माझ्या फोनमध्ये आदल्याच दिवशी आलेला एक मेल होता आणि तो तुम्हाला अजून माहीत नव्हता.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आपल्याच भागातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासलं होतं. ते काम बघून नागपूरच्या आमच्या मॅडमनी मला जर्मनीत पीएच.डी.साठी अर्ज करायला लावला. मी केला, कारण होणार नाही याची खात्री होती. आणि झालं. शिष्यवृत्तीसकट झालं. पाण्यात काय काय मिसळलं आहे आणि ते कुठून येतं, यावर काम करायचं होतं.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"मोठेबाबा, मले जर्मनीत पीएच.डी.ले घेतलं."

"मंग?"

"मंग पटवारीचं काय करू म्हणून विचारून राहिली."

तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवलात. "विचारून राहिली का सांगून राहिली?"

"विचारून राहिली."

"मंग माहं उत्तर नको."

एवढं बोलून तुम्ही शांतपणे जेवलात. मोठ्या आईनं मला डोळ्यानं खुणावलं की आता बोलू नको.

पुढचे दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. आईला फोन केला तर ती रडली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुले वाटते ते कर," आणि शेतावर निघून गेले. बाबांचं उत्तर आयुष्यभर तेच. कॉलेजात सत्कार ठरला, सगळे म्हणाले, अभिनंदन, जा जा, नाव काढ. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, सरकारी नोकरी हातची सोडणारी पोट्टी आम्ही पाहिली नाही. 'जा' म्हणणाऱ्यांनी तिथं मी राहीन कशी हे विचारलं नाही, आणि 'नको' म्हणणाऱ्यांनी मला तिथं काय शिकायचं आहे हे विचारलं नाही. माझ्याशी या गोष्टीवर बसून बोललात ते फक्त तुम्ही. रोज सकाळी ओट्यावर, चहाचा कप हातात घेऊन, मंडीत जायच्या आधी.

"पाण्यावर शिकाचं तं पाणी इथं नाई काय? आपल्या बोअरचं पाणी खाली चाललं, ते पाहाले तिकडं कायले जा लागते?"

"त्याईच्याजवळ मशिनी हायेत, मोठेबाबा. इथं त्या भेटत नाहीत."

"भाषा येते तुले त्याईची?"

"शिकीन. घरी मराठी, शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. आणखी एक."

"बिमार पडली तं?"

"डॉक्टर असते तिथं."

"डॉक्टर असते. पण पेज कोण करून देईन?"

तुम्ही विजयानं चहा संपवायचात आणि चपला घालायचात. दुसऱ्या दिवशी मी उत्तर शोधून आणायचे. तिथं आपल्या इकडची कोण मुलं आहेत, त्यांच्याशी बोलून घ्यायचे. राहायची जागा कुठे, प्रयोगशाळा किती लांब, थंडी किती, मार्गदर्शक माणूस कसा, सगळं तुमच्या प्रश्नांमुळे मी आधीच विचारून ठेवलं. तिकडे गेल्यावर माझ्यासोबतचे कितीतरी जण अशा गोष्टींनी गांगरले, ज्यांचा निकाल मी आपल्या ओट्यावर लावून आले होते. त्यावेळी मात्र मला वाटायचं, हा माणूस माझ्या वाटेत आडवा पडला आहे.

तुम्हाला बोरगावचे मास्तर आठवतात ना? निवृत्त हेडमास्तर, तुमचे जुने ओळखीचे. त्यांचा शब्द मी मोडणार नाही, असा तुमचा हिशोब. एका रविवारी तुम्ही मला मोटरसायकलवर बसवून त्यांच्याकडे घेऊन गेलात. रस्ताभर समजावत होतात, "मास्तर म्हणतीन तसं करू. मंजूर?" मी म्हटलं, मंजूर. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मला चार प्रश्न विचारले, मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "देवराव, तुमचं डोकं फिरलं काय? पोरगी जाऊन राहिली तं जाऊ द्या ना!" तुमचा चेहरा! मास्तरांच्या बायकोनं दिलेला शिरा तुम्ही तसाच ठेवलात. बाहेर येऊन गाडीला किक मारताना पुटपुटलात, "मास्तर वाया गेला." मी मागच्या सीटवर तोंडाला ओढणी लावून हसत होते. तुम्हाला ते कळलं होतं, कारण तुमचेही खांदे हलत होते.

परतताना मोहगावला चहाला थांबलो. मी म्हटलं, "आता तं मंजूर ना?" तुम्ही बशीत चहा ओतलात. मग एकदम, माझ्याकडे न बघता, सांगायला लागलात.

तुम्ही तरुण होतात. संत्र्याचा ट्रक घेऊन कोलकात्याला गेला होतात. तिथल्या बाजारात माल पडून होता, भाव उतरले होते, म्हणून तुम्ही थांबून राहिलात. इकडे आजी आजारी पडली. तेव्हा फोन होता तो आडत्याच्या दुकानात. निरोप तुमच्यापर्यंत पोचला तेव्हा आजीला नेऊनही झालं होतं. तुम्ही घरी आलात, तर अंगणात बाया बसलेल्या, आणि आजीच्या खाटेवर कोणीतरी शेंगा वाळत घातलेल्या.

"मायनं मले हाका मारल्या म्हणे," तुम्ही म्हणालात. "दूरच्या माणसाले खबर भेटते, पोरी. माणूस नाई भेटत. मी हे भोगलं हाय. म्हणून तुले नको म्हणून राहिलो. पटवारी-बिटवारी तं मी उगाच बोलतो."

चहा पिऊन झाला होता. रस्त्यावरून संत्र्याचे ट्रक जात होते.

घरी येऊन मी विचार केला आणि ठरवलं, जायचं नाही. हे ठरवताना मला वाईटही वाटलं नाही फारसं. एका मोठ्या माणसानं आपलं काळीज उघडून दाखवल्यावर त्याच्यापुढे विमानाची गोष्ट काय करायची? मी तुम्हाला म्हटलं, "मोठेबाबा, मी नाई जात. पटवारी म्हणून रुजू होते." मला वाटलं, तुम्ही पुन्हा पेढे आणाल. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आले तर तुमचा चहा गार झालेला. तुम्ही माझ्यावर उखडलात. इतके की मोठी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"माह्या मायच्या मरणाच्या भेवानं तू घरी बसून राहाशीन काय?"

"तुम्हीच तं नको म्हणत होते!"

"मंग? मी नको म्हणलं तं तू पंधरा दिवस भांडली ना माह्यासंग? आता एक गोष्ट ऐकली अन् पाणी झालं तुह्यं! नको म्हणणं माहं काम हाय. जाणं का राहणं हे तुह्यं काम हाय. माहं काम तू करू नको, अन् तुह्यं काम माह्यावर टाकू नको. उद्या पटवाऱ्याच्या खुर्चीत बसून कंटाळशीन, अन् मनात म्हणशीन, मोठेबाबानं आडवलं. मले नाई पाहिजे ते."

"मंग जाऊ काय?"

"नको!" तुम्ही ओरडलात. "माहा इचार थोडी बदलला. मी अजूनबी नकोच म्हणून राहिलो. पण तू तुह्या मनानं ठरव."

मी हसू की रडू अशी बघत राहिले. मोठी आई कपाळाला हात लावून आत गेली. मोठेबाबा, मी पुढे किती शिकलेल्या माणसांना भेटले. समोरच्याचं मत आपल्यापेक्षा वेगळं असावं म्हणून रागावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

मी सामान बांधून शेतावर गेले, बाबांकडे. तिथं विचारायचं काही नव्हतं, उत्तर मला माहीत होतं. संत्र्यांना पाणी सोडायचं काम चालू होतं. बाबांसोबत पाण्याच्या दांडाच्या काठानं फिरताना त्यांनी सहज विचारलं, "तिकडं तुले पाहाचं काय हाय नेमकं?" आणि मी सांगायला लागले. आपल्या बोअरच्या पाण्यात मला काय सापडलं होतं, ते जमिनीतून येतं की खतातून येतं हे का कळत नाही, कळलं तर काय काय करता येईल. मी बोलत राहिले. पाणी एका आळ्यातून ओसंडून दुसरीकडे गेलं तरी बाबांनी फावडं लावलं नाही, ते माझ्याकडेच बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "येवढं तं मी संत्र्याबद्दलबी बोलत नाई वो." मग फावडं उचललं आणि कामाला लागले.

तिथं माझं ठरलं. बाबांनी जा म्हटलं म्हणून नव्हे. माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं म्हणून. तुम्ही मला भांडायला लावलं नसतं तर ते सगळं माझ्या तोंडून बाहेरच आलं नसतं.

पांढुर्ण्याला परत येऊन सांगितलं, "मोठेबाबा, मी जाते. आता विचारून नाई राहिली, सांगून राहिली."

"मले पसंत नाई."

"माहीत हाय."

"कव्हा जा लागते?"

आणि त्या क्षणापासून सगळी धावपळ तुमची. पासपोर्टच्या पोलीस चौकशीच्या वेळी तुम्ही माझ्यासोबत होतात, गरम कपडे घ्यायला नागपूरला तुम्ही आलात, दुकानदाराशी थंडीवर वाद घातलात. मोठ्या आईनं तिखट-मसाल्याच्या पुड्या बांधल्या, त्या फुटू नयेत म्हणून संत्र्याच्या पेटीला बांधतात तशी दोरी तुम्ही माझ्या बॅगेला बांधलीत. विमानतळावर आई-बाबा रडत होते. तुम्ही कोरड्या डोळ्यांनी उभे होतात. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "अजूनबी नकोच." आणि मला दाराकडे ढकललंत.

मग दर रविवारचा व्हिडिओ कॉल. तुमचा चेहरा कधी पूर्ण दिसायचा नाही, अर्धं कपाळ आणि वर पंखा. "मंग, वापस कव्हा येऊन राहिली?" हे रामराम म्हणण्याच्या जागी. एकदा मी बाजारातून तिकडची संत्री दाखवली. तुम्ही चष्मा लावून बघितलीत, साल कशी निघते ते मला सोलून दाखवायला लावलंत, आणि निकाल दिलात, "रंग हाय. चव नसन." मी म्हटलं, चव आहे. तुम्ही मानायला तयार नाही. त्यावर आपलं दोन रविवार भांडण.

आणि ती पहिल्या हिवाळ्यातली दुपार. दुपार म्हणायची, पण बाहेर अंधारून आलेलं. माझे प्रयोग एकामागून एक फसत होते. बैठकीत सगळे हसले तेव्हा मीही हसले, कारण विनोद कळला नव्हता. खोलीवर येऊन मी बॅग काढली आणि तुम्हाला फोन लावला. दुसऱ्या कोणाला लावला नाही. आई म्हणाली असती ये, मॅडम म्हणाल्या असत्या थांब. तुम्हाला लावला, कारण मला वाटलं, तुम्ही 'मी म्हटलं होतं' असं म्हणाल आणि मला परतायला तेवढं पुरेल.

"मोठेबाबा, मी वापस येते. नाई जमून राहिलं."

मागून मंडीत ट्रक भरल्याचा आवाज येत होता, कोणीतरी पेट्या मोजत होतं. मग तुम्ही बाजूला गेलात बहुतेक, कारण आवाज कमी झाला.

"जेवली काय?"

"नाई."

"मंग आधी जेव. अन् झोप. थकल्या माणसानं सौद्याले बसू नये, पोरी. त्याले कोणताबी भाव बराबर वाटते. आराम कर, पोटभर खा, मंग ठरव. तव्हाबी वाटलं याव, तं ये. मी नागपूरले घ्याले येतो."

मी खिचडी केली, खाल्ली, झोपले. उठल्यावर बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवली. पुढच्या रविवारी तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. "वापस कव्हा येऊन राहिली," एवढंच नेहमीसारखं.

या वर्षी मी दिवाळीला येणार होते. तुम्हाला सांगितलं होतं, येताना तिकडच्या संत्र्यांचं लोणचं आणते म्हणून. तसलं काही मिळत नाही, तुमची थट्टा करत होते. तुम्ही म्हणालात, "काही नको आणू. तू ये." ते आपलं शेवटचं बोलणं.

सकाळी मी प्रयोगशाळेत होते. सुषमाताईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "रोशनी, बाबा गेले." अंघोळ करून ओट्यावर बसलात, मोठ्या आईला चहा मागितलात, तिनं आणेपर्यंत संपलं होतं. मी मिळेल त्या विमानानं निघाले. तरी मी पोचले तेव्हा बाबांनी तुम्हाला अग्नी देऊन झाला होता. अंगणात बाया बसल्या होत्या. मी दारातच थबकले. मोहगावला तुम्ही जे सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं, पण ते असं असतं हे मला कळलं नव्हतं. हा मुद्दा तुमचा खरा होता, मोठेबाबा. याला मी आजही उत्तर शोधून आणू शकत नाही.

पण एक सांगते. तुम्ही आजीकडे पोचला नाहीत ते ओझं तुम्ही इतकी वर्षं कोणाला न सांगता वाहिलंत. मला ते तसं वाहावं लागत नाही, कारण हा दिवस येऊ शकतो हे आपण दोघांनी समोरासमोर बसून बोलून घेतलं होतं. तरीही जायचं मी ठरवलं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. मी रडते आहे, पण माझ्या मनात तुमच्यापासून लपवलेलं काही नाही. न बोललेलं एकच राहिलं, की तुमच्या 'नको'बद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद दिले नाहीत. दिले असते तर तुम्ही म्हणाला असता, हे काय नवीन काढलं. म्हणून आज देते. इथं तुम्ही मला अडवू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात मी परत निघणार आहे. काम अर्ध्यावर आहे, ते पूर्ण करायचं आहे. काल रात्री घरात सगळ्यांना सांगितलं. कोणी 'नको' म्हटलं नाही.

आज सकाळी मी ओट्यावर चहा घेऊन बसले. बाबा आले. तेरवीपर्यंत ते इथंच होते, आज शेतावर जायचे होते. पिशवी भरून तयार होती. ते बसले, कप हातात घेतला, घोट न घेताच खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटते, तू आता नको जाऊ."

या माणसानं जन्मात मला कशाला नाही म्हटलेलं नाही.

"काहून, बाबा?"

"काहून मतलब... वहिनी एकटी पडली. तुह्या मायची तब्येत अशी. अन् तिकडं तूबी एकटीच." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "दादा असता तं बोलला असता. आता कोणी तरी बोलाव लागन ना."

आतून मोठी आई म्हणाली, "मले मधात घेऊ नका. मी सुषमीकडं मुलताईले जाऊन राहिली दोन महिने."

मी पाय वर घेऊन नीट बसले. म्हटलं, "बाबा, एकेक गोष्ट घेऊ. पहिले आईच्या तब्येतीचं सांगा."

त्यांना भांडता येत नाही, मोठेबाबा. मुद्दा सुरू करतात आणि मध्येच विसरतात. मी उत्तर दिलं की लगेच "हो, ते बी हाय" म्हणतात. दोनदा तर मीच त्यांना त्यांचा मुद्दा आठवून दिला. पण ते उठले नाहीत. सौंसरची बस निघून गेली, पिशवी दाराशी तशीच राहिली, आणि बाबा कपाळाला आठ्या घालून पुढचा प्रश्न शोधत माझ्यासमोर बसून होते.